सुरक्षित निवड म्हणजे नेमकी कोणती?

जून जवळ आला की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टवरची (तीस संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेवरची) चर्चा दोन छावण्यांत वाटली जाते. एका छावणीला ‘सीलिंग’ हवे असते. उंची, लांब हात, उडी, कमी वय आणि पाच वर्षांनी हा पोरगा कुठे पोहोचेल याचे स्वप्न. दुसरीला ‘फ्लोअर’ हवा असतो. आज काय येते, पहिल्या महिन्यापासून मैदानावर उभा राहील का, निदान दहा वर्षे लीगमध्ये टिकेल का. प्रत्येक खेळाडूवर यांतला एक शिक्का बसतो आणि चार वर्षांनी ज्याचे गणित चुकले त्याला ‘बस्ट’, म्हणजे फसलेली निवड, म्हणून निकालात काढले जाते. या सगळ्या वादात एक गोष्ट कोणी तपासतच नाही. क्षमता आणि धोका दोन्ही खेळाडूच्या अंगात असतात, उंची-वजनासारखे मोजता येतात आणि तीसही संघांसाठी सारखेच असतात, असे सगळेच धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. धोके अनेक जातींचे असतात. काही कमी करता येतात, काही येत नाहीत, आणि जो धोका एका संघाला सहज परवडतो तोच दुसऱ्याला बुडवतो. पहिल्या चार-पाच निवडींचा इतिहास नीट पाहिला, तर सर्वांत महागात पडलेल्या चुकांत धाडस करणाऱ्यांपेक्षा ‘आम्ही सुरक्षित खेळतो आहोत’ असे मानणाऱ्यांचा वाटा मोठा दिसतो.

२०१८ चा ड्राफ्ट घ्या. लुका डॉन्चिच तेव्हा १९ वर्षांचा होता. त्या मोसमात त्याने रेआल माद्रिदबरोबर युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च बास्केटबॉल स्पर्धा, जिंकली, युरोलीगचा आणि तिच्या फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याआधीच्या सप्टेंबरात तो स्लोव्हेनियाच्या युरोपविजेत्या संघात होता. युरोलीगमध्ये समोर कॉलेजची मुले नसतात. पंचविशी-तिशीतले, अंगाने भरलेले, डावपेचांत मुरलेले व्यावसायिक असतात, आणि त्यांच्यासमोर हा मुलगा सामन्याला सरासरी १६ गुण काढत होता. तरीही फिनिक्सने पहिल्या क्रमांकावर डिआंद्रे एटनला घेतले आणि सॅक्रामेंटोने दुसऱ्यावर मार्विन बॅगलीला. तिसऱ्यावर अटलांटाने डॉन्चिचला निवडले खरे, पण त्याच रात्री त्याला डॅलसला देऊन ट्रे यंग आणि पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. माहिती कमी पडली असे म्हणावे तर फिनिक्सचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह हेच स्लोव्हेनियाच्या त्या विजयी संघाचे प्रशिक्षक होते. सॅक्रामेंटोचे जनरल मॅनेजर व्लादे डिवाच स्वतः सर्बियातून एनबीएत आलेले, युरोपचे बास्केटबॉल आतून ओळखणारे. या संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये याच सॅक्रामेंटो किंग्जचे इंडियानाशी दोन सामने झाले, त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकांना हा संघ चांगला आठवत असेल. मग चूक कुठे झाली? सॅक्रामेंटोकडे चेंडू हाताळायला डिॲरन फॉक्स होता. त्यांना आत खेळणारा उंच खेळाडू हवा होता आणि बॅगली उंच होता, चपळ होता, ड्यूक विद्यापीठात सामन्याला २१ गुण काढून आला होता. गरजेत बसणारी निवड म्हणजे सुरक्षित निवड, असा हिशेब झाला. बॅगलीला २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी दुसऱ्या संघाकडे पाठवले. तो मोसम संपला तेव्हा किंग्ज सलग १६ मोसम प्लेऑफबाहेर राहिले होते.

हीच चूक त्याच्या ३४ वर्षे आधी पोर्टलंडने केली होती, अगदी त्याच तर्काने. १९८४ मध्ये ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉनला उचलल्यावर दुसरी निवड पोर्टलंडची होती. त्यांच्याकडे आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणजे जॉर्डनच्या जागेवर खेळणारा माणूस घरात होता. सेंटरची, म्हणजे टोपलीजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, जागा रिकामी होती. त्यांनी सॅम बोवीला घेतले आणि मायकल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. ‘संघाची गरज’ हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो, आणि तो पूर्ण टाकाऊही नाही. दोन खेळाडू खरोखर तुल्य असतील तर गरज पाहावीच, आणि विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकावर ती पाहणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. पण पहिल्या तिनांत? संघाची रचना दोन वर्षांत बदलते. प्रशिक्षक बदलतो, कोणी दुखावतो, कोणाचा करार संपतो, कोणाला दुसरीकडे पाठवले जाते. निवडलेला खेळाडू मात्र, चांगला निघाला तर, दहा वर्षे राहू शकतो. दहा वर्षांचा निर्णय या वर्षीच्या रिकाम्या जागेवरून घेणे यात सुरक्षित काय आहे? ज्याला ‘गरज’ म्हटले जाते ती बहुतेकदा एका उन्हाळ्याची अडचण असते, आणि ती भागवायला ट्रेडचा, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, बाजार बहुतेक वर्षभर उघडा असतो. ओलाजुवॉन किंवा जॉर्डन त्या बाजारात मिळत नाहीत.

दुसरी फसवी सुरक्षितता उंचीची. उंची शिकवता येत नाही, हे वाक्य खेळाडू हेरणाऱ्या प्रत्येक स्काउटच्या तोंडी असते आणि ते खरेही आहे. ओलाजुवॉन, डेव्हिड रॉबिन्सन, शकील ओनील, टिम डंकन, व्हिक्टर वेम्बान्यामा हे सगळे पहिल्या क्रमांकाचे होते आणि सगळ्यांनी ती निवड सार्थ केली. हा मुद्दा खोडून काढता येणार नाही. पण या पाचांना फक्त उंच म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचे पाय, हात, पास देण्याची नजर, बचावातली वेळ साधण्याची हातोटी या गोष्टी ड्राफ्टच्या आधीच दिसत होत्या. २००९ मध्ये मेम्फिसने दुसऱ्या क्रमांकावर हाशिम थाबीटला घेतले. उंची ७ फूट ३ इंच आणि कॉलेजात ब्लॉकची (समोरच्याची फेक हवेतच अडवण्याची) बरसात. जेम्स हार्डन तिसरा गेला, स्टीफन करी सातवा. कॉलेजच्या नियमांत बचाव करणारा सेंटर टोपलीखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. एनबीएत बचावाला तीन सेकंदांचा नियम आहे. कोणाला अंगावर घेतलेले नसताना रंगवलेल्या पट्ट्यात त्याहून जास्त थांबले की दंड. शिवाय थ्री-पॉइंटची (जिच्याबाहेरून मारलेल्या फेकीला तीन गुण मिळतात ती) रेषा लांब, मैदान पसरलेले, आणि प्रतिस्पर्धी प्रत्येक चढाईत त्याच उंच माणसाला पिक-अँड-रोलमध्ये (एकाने बचावपटूची वाट अडवायची, दुसऱ्याने चेंडू घेऊन सुटायचे अशी चाल) ओढून बाहेर काढणार. म्हणजे कॉलेजातले ते ब्लॉक काही प्रमाणात नियमपुस्तकाने दिलेले होते. २०२० मध्ये गोल्डन स्टेटने दुसऱ्या क्रमांकावर जेम्स वाइजमनला निवडले तेव्हा त्याचे कॉलेजचे सामने होते फक्त तीन. तीन सामन्यांत उंची दिसते, निर्णयक्षमता दिसत नाही. उंच खेळाडूच्या बाबतीत म्हणून आधी पाहायचे ते हे: चाळीस मिनिटांमागे फाउल किती होतात, रेषेपर्यंत बाहेर खेचल्यावर पाय किती हलतात, दोघांनी घेरल्यावर पास कुठे जातो. हे तपासल्याविना केलेली उंचीची निवड मोठी जुगारी निवड आहे, मग तिला नाव काहीही द्या.

दुखापतीबद्दलचा वाद तर सर्वांत वाईट पद्धतीने घातला जातो, कारण तिथे निकालावरून निर्णय तपासला जातो. पोर्टलंडचेच दोन निर्णय शेजारी ठेवा. १९८४ मध्ये बोवी, २००७ मध्ये ग्रेग ओडेन. दोघेही सेंटर, दोघांचेही पाय गेले, आणि त्यांच्या लगेच मागे जॉर्डन आणि केविन ड्युरंट. म्हणून लोक दोन्ही एकाच माळेत ओवतात. पण निर्णय म्हणून दोन्ही सारखे होते का? बोवी केंटकी विद्यापीठात असताना नडगीच्या हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे पूर्ण दोन मोसम बाहेर होता. तेच हाड, भार पेलणारे, आणि वजन कायम वाहावे लागणाऱ्या उंच माणसाचे. धोका उघड होता, त्याची जागा माहीत होती. पोर्टलंडच्या डॉक्टरांनी त्याची तासन्‌तास तपासणी केली. पायावर हातोडी मारून पाहताना दुखत असूनही आपण नाही म्हणालो, हे बोवीने पुढे स्वतः सांगितले. ज्या तपासणीत रुग्णाच्या तोंडी उत्तराला एवढे वजन असते आणि त्या उत्तरावर रुग्णाचे कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात, ती तपासणी धोका कमी करत नाही. पोर्टलंडसाठी तो पाच मोसमांत मिळून १३९ सामने खेळला. ओडेनचे तसे नव्हते. त्याच्यामागे मनगटाची शस्त्रक्रिया होती आणि लहानपणीच्या खुब्याच्या दुखापतीने पायांच्या लांबीत किंचित फरक होता. त्यावरून गुडघ्याची कूर्चा कधी निकामी होईल याचा आकडा कोणीही काढू शकला नसता. २००७ च्या सप्टेंबरात उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चरची शस्त्रक्रिया झाली. हाडाला बारीक छिद्रे पाडायची, आतल्या मज्जेतून नवी कूर्चा धरू द्यायची. ती मूळ कूर्चेइतकी टणक होत नाही. पहिला मोसम पूर्ण गेला, पुढे डाव्या गुडघ्याची वाटी मोडली, आणि पोर्टलंडला एकूण ८२ सामने मिळाले. तुलनेला समोर ड्युरंट होता, जो चाचणीत ८४ किलोचा बार एकदाही उचलू शकला नव्हता. त्याच्या शरीराविषयीची शंकाही त्या वेळी काही वेडेपणाची नव्हती. माझ्या मते १९८४ चा निर्णय वाईट होता, २००७ चा निर्णय ठीक होता आणि निकाल वाईट लागला. हा फरक ज्या संघाला करता येत नाही, तो एका निकालाने घाबरून पुढच्या वेळी भलत्याच गोष्टीला भिईल.

मग दुखापतीचा इतिहास असलेल्याला घ्यायचेच नाही का? घ्यायचे, पण तीन प्रश्न विचारून. कोणता अवयव, ती दुखापत पुन्हा होण्याजोगी आहे का, आणि ती झाली तर आपले काय होईल. पायातले नॅव्हिक्युलर हे लहानसे हाड घ्या. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून भेग पडली की ती लवकर सांधत नाही. याच हाडाने जॉर्डनचा दुसरा मोसम खाल्ला, त्या वर्षी तो १८ सामने खेळला, आणि पुढे इतिहास घडवला. याच हाडाने बिल वॉल्टनचे सर्वोत्तम दिवस नेले. जोएल एम्बीडचे हेच हाड २०१४ च्या ड्राफ्टच्या तोंडावर मोडले आणि तो पहिल्यावरून तिसऱ्यावर घसरला. फिलाडेल्फियाने त्याला घेतले, पहिले दोन मोसम तो एकही सामना खेळला नाही, तिसऱ्यात ३१ खेळला. मग २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांनी त्याला पाच वर्षांचा, सुमारे १४.८ कोटी डॉलरचा करार दिला, आणि जुन्या दुखापतीमुळे तो दीर्घकाळ बाहेर बसला तर रक्कम कमी करता येईल अशी कलमे त्यात घातली. धोका नाकारलाही नाही, डोळे मिटून गिळलाही नाही; त्याला किंमत लावली. २०२३ मध्ये एम्बीड एमव्हीपी, म्हणजे लीगचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. पुढे त्याच्या गुडघ्याने घात केला आणि २०२४-२५ मध्ये तो जेमतेम १९ सामने खेळू शकला, हेही नोंदवले पाहिजे. कलमे शरीर दुरुस्त करत नाहीत, संघाचे नुकसान आटोक्यात ठेवतात. गोल्डन स्टेटने करीच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने केले. घोट्यामुळे २०११-१२ मध्ये तो २६ सामनेच खेळला होता, म्हणून २०१२ मध्ये तो चार वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलरला मिळाला. त्या स्वस्त कराराच्या काळातच त्या संघाची सगळी बांधणी झाली.

‘तयार’ खेळाडूचे शिफारसपत्र म्हणून जे आकडे दाखवले जातात त्यांकडेही बारकाईने पाहायला हवे. कॉलेजचा पहिल्या वर्षाचा खेळाडू मोसमात साधारण शंभर-सव्वाशे थ्री-पॉइंटर मारून पाहतो. सव्वाशे प्रयत्नांत ज्याची खरी क्षमता ३५ टक्के आहे त्याचा आकडा नुसत्या योगायोगाने २७ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. म्हणजे ‘४१ टक्क्यांचा नेमबाज’ आणि ‘३० टक्क्यांचा कच्चा’ हे दोघे एकाच ताकदीचे असू शकतात. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, त्यापेक्षा जास्त बोलका असतो. अंतर ठरलेले, समोर कोणी नाही, हाताची शुद्ध क्रिया. मार्केल फुल्ट्झ २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून आला तेव्हा त्याचे थ्री-पॉइंटर ४१ टक्के होते आणि फ्री थ्रो ६५ टक्के. दोन आकड्यांचे एकमेकांशी जमत नव्हते. ज्या आकड्याने सगळे सुखावले तो कमी विश्वासाचा होता. फिलाडेल्फियाने पहिला क्रमांक मिळवण्यासाठी बॉस्टनला आपला तिसरा क्रमांक आणि पुढची एक पहिल्या फेरीतली निवड दिली. बॉस्टनने तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला. फुल्ट्झच्या फेकीची लय बिघडत गेली, २०१८ च्या डिसेंबरात थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे निदान झाले, म्हणजे मानेखालून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जाण्याचा विकार. फिलाडेल्फियासाठी तो दोन मोसमांत ३३ सामने खेळला. हा विकार ड्राफ्टच्या आधी कोणी ओळखायला हवा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण फ्री थ्रोचा आकडा सर्वांसमोर होता, आणि एका खेळाडूसाठी दोन मोठ्या निवडी मोजताना तो विचारात घ्यायला भविष्यवेत्ता असण्याची गरज नव्हती. बॉस्टनचा हिशेब जास्त निरोगी होता. वरचे दोन-तीन खेळाडू आपल्या नजरेत जवळजवळ सारखे असतील तर खाली उतरा आणि त्या उतरण्याचे दाम घ्या.

निवडीनंतर काय होते हे तर चर्चेत येतच नाही. खेळाडू बियाण्यासारखा आहे, कोणत्या जमिनीत पडतो यावर पीक ठरते, हे क्रीडांगणावर वावरलेल्या प्रत्येकाला कळते, तरी निवडीच्या रात्रीचे गुणांकन जमिनीकडे बघतही नाही. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर सर्बियाच्या डार्को मिलिचिचला घेतले. मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड शिल्लक होते. मिलिचिच नुकता १८ पूर्ण झालेला, आणि डेट्रॉइटचा संघ असा की त्याच मोसमाअखेर तो विजेता झाला. अशा संघात शिकाऊ मुलाला खेळायला वेळ कुठून मिळणार? पहिल्या मोसमात सामन्याला सरासरी पाच मिनिटेही त्याच्या वाट्याला आली नाहीत. तो गुणी होता की नव्हता हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या जागी त्याचे जे झाले ते आधीच दिसत होते. अशा प्रकरणांमुळे ‘युरोपियन मुले धोक्याची’ असा समज पुढे वर्षानुवर्षे टिकला. बाकावर बसलेला १८ वर्षांचा मुलगा आणि युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू यांना एका वर्गात टाकणारा हा समज आहे. दुसरीकडे कवाय लेनर्ड. २०११ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच रात्री सॅन अँटोनियोकडे आला. कॉलेजात त्याची लांबची फेक साफ कच्ची होती. सॅन अँटोनियोकडे चिप एंगेलंड हा नेमबाजीचा प्रशिक्षक होता, आणि फेकीत काय बदलायचे, किती बदलायचे हे त्याला माहीत होते. २०१४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू लेनर्ड ठरला. लेनर्डचा नेमबाजीचा धोका तीसही संघांसाठी सारखा होता का? ज्या संघाकडे ती दुरुस्ती करणारा माणूस आहे त्याच्यासाठी तो निम्म्याहून कमी होता, आणि त्यामुळे त्याच क्रमांकावर त्या संघाने जास्त किंमत द्यायला हरकत नव्हती.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा की हे सगळे बोलणे व्यर्थ आहे, ड्राफ्ट म्हणजे नशीब. या आक्षेपात दम आहे. निकोला योकिच २०१४ मध्ये एकेचाळिसावा गेला. ज्या डेन्व्हरने त्याला घेतले त्यांनीही त्याच रात्री त्याच्याआधी युसुफ नुर्किच आणि गॅरी हॅरिस यांना मिळवले होते. योकिचबद्दल खात्री असती तर ते थांबले असते का? पुढे तीन एमव्हीपी आणि २०२३ चे विजेतेपद. यानिस अँटेटोकुम्पो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, मिल्वॉकीने पंधराव्यावर घेतला, पहिल्या मोसमात सामन्याला सातपेक्षा कमी गुण, आणि २०२१ मध्ये विजेतेपद. लॉटरीचेही, म्हणजे प्लेऑफ चुकलेल्या संघांत वरचे क्रमांक कोणाला हे ठरवणाऱ्या सोडतीचेही, तसेच. चौदा चेंडूंतून चार निघतात, १००१ जुळण्यांपैकी १००० संघांना वाटलेल्या असतात, आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, १४ टक्के. २०२५ मध्ये डॅलसने १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक आणि कूपर फ्लॅग मिळवला. नशीब प्रचंड आहे हे मान्य. पण नशीब प्रचंड असले की निर्णयाची पद्धत बिनमहत्त्वाची ठरते, हा निष्कर्ष उलटा आहे. एकच निवड करणाऱ्याला नशीब सगळे वाटेल. वर्षानुवर्षे निवडी करणाऱ्या संघाच्या बाबतीत नशिबाचे चढउतार एकमेकांना खातात आणि पद्धत उरते. त्यासाठी एक साधी शिस्त लागते आणि ती पाळणे सोपे नसते. निवडीच्या आधी कारणे लिहून ठेवायची. हा खेळाडू फसला तर कशामुळे फसेल, ते आपल्याला कधी आणि कोणत्या आकड्यात दिसेल, हे तारखेसह कागदावर असेल तरच चार वर्षांनी चूक निर्णयाची होती की नशिबाची, हे सांगता येते. एरवी प्रत्येकाला आपण त्या वेळी बरोबरच बोललो होतो असे आठवते.

आता परवडण्याचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतो. चार वर्षांचा करार, त्यातले तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर. खरा नफा याच चार वर्षांत, कारण चांगला निघालेला खेळाडू पाचव्या वर्षापासून संघाच्या पगारमर्यादेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त घेतो. ज्या मुलाला तयार व्हायला चार वर्षे लागणार, त्याची कच्ची वर्षे स्वस्तात आणि पिकलेली वर्षे पूर्ण किमतीला पडतात. ‘सीलिंग’वाल्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही, आणि इथे ‘फ्लोअर’वाल्यांची बाजू मजबूत आहे. पण ही किंमतही सर्वांना सारखी नसते. ओक्लाहोमा सिटीने २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होमग्रेनला घेतले. सात फुटांवर उंची आणि अंगावर मांस नाही, तो मोडेल अशी भीती सर्वत्र होती, आणि ऑगस्टमध्येच त्याच्या पायाला लिसफ्रँकची (पावलाच्या मधल्या भागाची) दुखापत होऊन पहिला मोसम गेला. आदल्या मोसमात २४ सामने जिंकलेल्या त्या संघाला एक वर्ष थांबणे परवडणारे होते. पुढच्या मोसमात तो ८२ पैकी ८२ सामने खेळला, २०२५ मध्ये संघ विजेता झाला. हीच दुखापत ३२ वर्षांचा तारा सांभाळत शेवटची दोन वर्षे मोजणाऱ्या संघात झाली असती तर? याचे दुसरे टोक सतनाम सिंगचे. पंजाबातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंचांचा हा मुलगा २०१५ मध्ये डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर घेतला. भारतात जन्मलेला निवडला गेलेला तो पहिला. एनबीएत त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही आणि आपल्याकडे काहींनी ती निवड निव्वळ जाहिरात ठरवली. बावन्नाव्या क्रमांकावरचे बहुतेक खेळाडू लीगमध्ये टिकत नाहीत, तिथे पगाराची हमी नसते, गमावण्याजोगे जवळजवळ काही नसते. त्या जागेवर १९ वर्षांच्या प्रचंड देहावर लावलेला डाव योग्य होता. तोच डाव दुसऱ्या क्रमांकावर लावणे हा गुन्हा ठरला असता.

हे सगळे एका उघड्या प्रकरणाला लावून पाहू. २०२५ मध्ये युटाने ८२ पैकी १७ सामने जिंकले, लीगमधली सर्वांत वाईट कामगिरी, आणि लॉटरीत पाचव्या क्रमांकावर घसरले. त्यांनी रटगर्स विद्यापीठाच्या एस बेलीला घेतले. कॉलेजने ६ फूट १० इंच लिहिलेली त्याची उंची मोजणीत अनवाणी ६ फूट साडेसात इंचांच्या आसपास भरली. ड्राफ्टच्या आधी त्याने कोणत्याही संघाला खासगी चाचणी दिली नाही. सामन्याला सतराहून जास्त गुण, पण असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) दीडपेक्षाही कमी, आणि फेकी बहुतेक अंगावर बचावपटू असतानाच्या. त्याच्या आधी फिलाडेल्फियाने तिसऱ्यावर व्हीजे एजकोम आणि शार्लटने चौथ्यावर कॉन कनिपल घेतला. कनिपल ‘फ्लोअर’वाला, बेली ‘सीलिंग’वाला, असा वाद रंगला आणि तिथेच थांबला. बेलीचा धोका शरीराचा नाही, फेक निवडण्याचा आहे, आणि असा धोका प्रशिक्षणाने व भरपूर मिनिटांनी कमी होतो. एम्बीडचे उरलेले मोसम मोजणाऱ्या फिलाडेल्फियाने त्याला वगळणे बरोबर होते. चुका करायला मैदान मोकळे असलेल्या युटाने त्याला घेणेही बरोबर होते. युटाने आता तीन आकडे दर महिन्याला समोर ठेवावेत: शंभर चढायांमागे असिस्ट, बचावपटू अंगावर असतानाच्या फेकींचे एकूण फेकींतले प्रमाण, आणि फ्री थ्रोची टक्केवारी. पहिले वाढत नसेल आणि दुसरे उतरत नसेल तर सरासरी गुण कितीही चढोत, धोका होता तिथेच आहे. त्याच्या कराराच्या तिसऱ्या वर्षाचा पर्याय उचलण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ आहे आणि चौथ्या वर्षाची त्याच्या पुढच्या ऑक्टोबरअखेर. पहिला पर्याय युटाने बिनदिक्कत उचलावा, दुसरा या आकड्यांकडे पाहून.